१६ फुटी कॅटामरान डिझाइन करताना आधी वजन लिही, मग आकार काढ

प्रश्न थोडक्यात असा आला होता, की कोथरूडचा एक मेकॅनिकल इंजिनिअर मुलगा आहे, त्याला स्वतःसाठी आणि बहिणीसाठी १६ फुटी रेसिंग कॅटामरान (दोन हलची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या दोन लांब अंगांची, शिडाची बोट) स्वतः डिझाइन करून बांधायची आहे, पानशेतला चालवायची, वर्षातून एकदोनदा मुंबईला न्यायची. त्याने पाठवलेल्या ड्रॉइंगमध्ये रुंदी १.८ मीटर आहे कारण मग ती न उघडता टेम्पोवर बसते, नाक उलट्या उताराचं आहे, खाली फॉइल (बोटीला पाण्यावर उचलणारे पंख) आहेत आणि वजन लिहिलंय ७० किलो. "काका, यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा" असं म्हणाला, म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

ड्रॉइंग मन लावून केलंयस, लाइन्स खरंच छान आल्यात. पण तू आकारापासून सुरुवात केलीस आणि वजन शेवटी एका ओळीत लिहिलंस, आणि माझ्या मते सगळ्या अडचणी तिथूनच आल्यात. छोट्या कॅटामरानमध्ये वजनाचा तक्ता हेच डिझाइन असतं, बाकीचं त्यातून निघतं. मी वीसेक वर्षं या बोटी दुरुस्त करतोय, काही बांधल्या, आणि जी बोट चालली नाही तिच्यात दरवेळी मुळाशी कागदावरचं आणि काट्यावरचं वजन यांचा फरक सापडला.

७० किलो कुठून आलं ते मला कळलं. ए-क्लासची बोट बघितली असणार. ए-क्लास म्हणजे ५.४९ मीटर लांब, २.३ मीटर रुंद, एका माणसाची बोट, तिची नियमातली कमीत कमी मर्यादाच ७५ किलो आहे, आणि तिथपर्यंत पोचायला पूर्ण कार्बन, साचे, ओव्हन, आणि तेच काम रोज करणारी माणसं लागतात. दुसऱ्या टोकाला हॉबी १६ बघ, साधारण ५.०५ मीटर, १४५ किलो, कारखान्यात फायबरग्लास आणि फोमची बनते. तू गच्चीवर प्लायवूडमध्ये बांधणार आहेस, म्हणजे तू या दोन्हींच्या मधे कुठेतरी असशील. मी तुझ्या मापांवर प्रामाणिकपणे मांडलं ते असं येतं: दोन हल प्रत्येकी २८ म्हणजे ५६ किलो, दोन्ही बीम (हल जोडणाऱ्या आडव्या नळ्या) आणि खालचा डॉल्फिन स्ट्रायकर (पुढच्या बीमला खालून आधार देणारी ताणलेली सळई) १३, मास्ट म्हणजे डोलकाठी, बूम म्हणजे शिडाखालची आडवी काठी, आणि वायर मिळून २०, शिडं बॅटनसकट (शिडात सरकवायच्या पट्ट्या) ८, ट्रॅम्पोलिन (दोन हलमधलं ताणलेलं बसायचं कापड) ५, दोन रडर म्हणजे सुकाणू त्यांच्या कास्टिंग आणि टिलरसकट (सुकाणू फिरवायची दांडी) ९, डॅगरबोर्ड (बोट आडवी सरकू नये म्हणून हलमधून खाली उतरवायची पाती) ५, दोऱ्या-पुल्या ४. बेरीज १२०. त्यात तू ७० आणि बहीण ५० धरली की पाण्यावर एकूण २४० किलो. हाच आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिही आणि मगच पेन्सिल उचल.

यातल्या हलच्या २८ किलोंबद्दल थोडं सांगतो कारण सगळ्यात जास्त घसरण तिथेच होते. परदेशी प्लॅनमध्ये ४ मिलिमीटर ओकूमे प्लाय लिहिलेला असतो, ते लाकूड हलकं, ८ बाय ४ ची शीट साधारण ६ किलोची. आपल्याकडे भवानी पेठेत टिंबर मार्केटला जो आयएस ७१० चा मरीन प्लाय मिळतो तो बहुतेक गुर्जनचा, मजबूत असतो, उकळत्या पाण्यातसुद्धा सुटत नाही, पण तीच शीट साडेआठ-नऊ किलो भरते. तुला सहा शीट लागणार. म्हणजे एकही चूक न करता १५-१८ किलो तिथेच वाढले. दुकानात छोटा लटकता काटा घेऊन जा, प्रत्येक शीट उचलून वजन कर, आणि कडेला नखाने दाबून बघ, आतल्या थरात पोकळी असेल तर कडेवर काळी फट दिसते, ती शीट घेऊ नकोस. दुकानदाराला आधी सांगून ठेवलंस की बोटीसाठी पाहिजे तर तो निवडू देतो, माझा तरी अनुभव चांगला आहे.

लांबी ४.८५ मीटर ठेव. याला फार मोठं शास्त्र नाही, २.४४ मीटरच्या दोन शीट टोकाला तासून एकमेकांवर चिकटवल्या (उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ४ मिमीला ३२ मिमी) की तेवढीच लांबी मिळते, तिसऱ्या शीटचा तुकडा जोडावा लागत नाही. पाच मीटरच्या हट्टापायी दोन जोड जास्त देण्यात अर्थ नाही.

आता हलचा आकार. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कॅटामरान रेसमध्ये दोन हलवर चालत नाही, एका हलवर चालते. वाऱ्याकडचा हल जेमतेम पाण्याला टेकलेला किंवा थोडा वर असतो आणि सगळं २४० किलो वाऱ्याखालच्या, म्हणजे पलीकडच्या बाजूच्या, एकट्या हलवर येतं. म्हणून प्रत्येक हल असा काढायचा की पूर्ण बोट त्याच्या एकट्याच्या जिवावर आहे. तुझ्या ड्रॉइंगमधली पाण्याची रेघ निम्म्या वजनावर काढलीय, ती बोट किनाऱ्यावर बांधलेली असताना खरी, वारा आला की नाही.

हिशोब असा. पाण्यातली लांबी ४.७ मीटर, टोकं निमुळती असल्यामुळे प्रिझमॅटिक कोएफिशंट (मधला सेक्शन टोकापर्यंत तसाच नेला असता तर जे आकारमान आलं असतं त्याचा प्रत्यक्षातला हिस्सा) ०.६२ धरू, तर मधल्या सेक्शनचं पाण्याखालचं क्षेत्रफळ ०.०८२ चौरस मीटर लागतं. हे अर्धवर्तुळात बसवलंस तर ओली होणारी पृष्ठभागाची पट्टी सगळ्यात कमी राहते, पण हल पाण्याच्या रेघेवर ४६ सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे लांबी रुंदीच्या दहापट. तेच यू आकारात ३४ सेंटीमीटर रुंद आणि साडेसत्तावीस खोल केलंस तर गुणोत्तर चौदाच्या आसपास जातं, घर्षण थोडं वाढतं, साधारण चार टक्के. मग कुठला घ्यायचा? साध्या बोटीला स्वतःचीच लाट अडवते, ती लाट चढून जाता येत नाही म्हणून एका वेगानंतर ताकद लावून काही होत नाही. सडपातळ हल लाटच इतकी लहान उठवतो की ती भिंत जवळजवळ लागतच नाही, कॅटामरानचं सगळं गुपित तिथे आहे. दहापटीवर ते गुपित निम्मं वाया जातं. मी चौदाकडे जाईन, आणि खालचा भाग शक्य तेवढा गोल ठेवीन, कारण आपल्याकडे हलका वारा खूप आणि हलक्या वाऱ्यात घर्षणच खातं.

आणि जास्तीचं वजन किती भोवतं बघ, या हलला पाण्याच्या पातळीवर साधारण १.२ चौरस मीटर क्षेत्र आहे, म्हणजे दर १२ किलोला तो १ सेंटीमीटर खाली जातो. तू ७० धरून काढलीस आणि बोट १२० ची निघाली तर वाऱ्याखालचा हल ४ सेंटीमीटर जास्त बुडणार, मागचं टोक पाणी ओढत चालणार आणि तुला वाटणार शीड खराब आहे.

नाकाबद्दल. उलट्या उताराचं, लाट कापून जाणारं नाक दिसायला फार सुंदर असतं आणि ए-क्लासवर ते बरोबर आहे, कारण तिथे लांबी जास्त आणि माणूस एकच. तुझी बोट त्यापेक्षा दोन फूट आखूड आणि माणसं दोन. शिडाचा जोर पाण्यापासून चार मीटर उंचीवर पुढे ढकलत असतो, तो जोर नाकाला खाली दाबतो, आणि तू वाऱ्यापासून दूर वळत असताना झोत आला की वाऱ्याखालचं नाक आत जातं, बोट थांबते, डोलकाठी थांबत नाही, आणि सगळं पुढून उलटतं. हॉबी १६ या सवयीसाठी ओळखलीच जाते. आखूड बोटीला यावर उपाय एकच, नाकात तरंगण्याची ताकद राखून ठेवायची. प्रत्येक हलचं डेकपर्यंतचं पूर्ण आकारमान एकूण वजनाच्या दुपटीहून जास्त पाहिजे, आपल्या मापात मधे ५२ सेंटीमीटर उंची ठेवली की सुमारे ५४० लिटर येतं, सव्वादोन पट, ते चांगलं आहे. नाक उभं ठेव, टोकाला पाण्याजवळ बारीक पण वर जाताना भरत जाणारं, आणि पुढच्या मीटरभराचं डेक सपाट न ठेवता घराच्या छपरासारखं उतरतं कर. सपाट डेक एकदा पाण्याखाली गेलं की फावड्यासारखं काम करतं, उतरतं असेल तर पाणी दोन्हीकडून सुटून जातं आणि नाक परत वर येतं. हे काम फक्त एका जास्तीच्या जोडाचं आहे, टाळू नकोस.

रुंदीवर आपलं खरं भांडण आहे. १.८ मीटर टेम्पोसाठी ठीक, पाण्यासाठी नाही. मी म्हणतो त्या २.३ मीटर रुंदीला दोन हलच्या मध्यरेषांमधलं अंतर १.९५ मीटर येतं. वाऱ्याखालच्या हलपासून बोटीचं वजन ०.९७५ मीटरवर, म्हणजे उलटण्याविरुद्ध तोलून धरायची ताकद (किलो गुणिले मीटर) ११७, आणि तुम्ही दोघं वाऱ्याकडच्या कडेला बाहेर वाकून बसलात की साधारण २.१५ मीटरवर, म्हणजे २५८. एकूण ३७५. हेच १.८ ला मोजलं तर २८५ येतं, जवळजवळ पाव ताकद गेली, आणि ही ताकद म्हणजे तुझं इंजिन आहे, शीड कितीही मोठं लाव, बोट जेवढं तोलून धरू शकते तेवढाच वारा कामाचा. ३७५ ला शिडाच्या मध्याच्या ४ मीटर उंचीने भागलं, म्हणजे बोट आडवा जोर ९४ किलो पेलते, १७ चौरस मीटर शिडावर हे साधारण १०-१२ नॉट (ताशी १९-२२ किलोमीटर) वाऱ्यात येतं. बरोबर तिथेच हल उचलायला लागतो, पुण्याच्या वाऱ्याला हे जमून जातं.

मग अजून रुंद का नाही? कारण आडवी उलटायची थांबली की बोट तिरपी, वाऱ्याखालच्या नाकावरून उलटते, लांबी तेवढीच असल्यामुळे. चालून सिद्ध झालेल्या बोटी बघ, टॉर्नेडो ६.१ मीटरला साधारण ३, फॉर्म्युला १८ ही ५.५२ ला २.६, हॉबी १६ ही ५.०५ ला २.४१, सगळ्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोड्या कमी. टॉर्नेडो १९६७ ची, रॉडनी मार्चने काढलेली, १९७६ पासून २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती, आणि तिचे सुरुवातीचे हल प्लायवूडचेच होते, पातळ प्लाय जबरदस्तीने वाकवून केलेले. म्हणजे तू करतोयस ते काही कमी प्रतीचं काम नाही. बीम बोल्टने सुटे होणारे कर, वीस मिनिटांत बोट उघडते, दोन हल टेम्पोत शेजारी शेजारी जातात.

(तसं बघितलं तर दोन ओंडके बांधून स्थिर करायची युक्ती आपल्याच किनाऱ्यांची आहे, कॅटामरान हा शब्द तमिळ कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं यातून आलाय, आणि कोकणात उलांडीची (बाजूला आडव्या काठ्यांनी ओंडका बांधलेली) होडी अजून चालते. अमेरिकेत हेरेशॉफने १८७६ ला अमॅरिलिस नावाची कॅटामरान रेसमध्ये उतरवून सगळ्यांना मागे टाकलं तर पुढे असल्या बोटींना रेसमध्ये बंदीच घातली. मालवणला गेलास तर उलांडीला आडव्या काठ्या कशा बांधतात ते जवळून बघून ये, बांधणी किंचित लवचिक आणि तरी घट्ट कशी राहते ते बघण्यासारखं आहे.)

आता पुढचा बीम, आणि इथे मी स्वतः मार खाल्लाय म्हणून जास्त लिहितो. डोलकाठी पुढच्या बीमच्या बरोबर मध्यावर उभी असते, वाऱ्याकडची वायर जेवढी खेचते तेवढी डोलकाठी खाली दाबते, वरून मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाची दोरी तुम्ही जीव खाऊन ओढलेली, सगळं मिळून तुझ्या बोटीत सहा-साडेसहाशे किलो त्या एका बिंदूवर. १.९५ मीटरचा गाळा, मध्ये ६५० किलो. ८० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडीची ट्यूब घेतलीस तर ताण २६० मेगापास्कलच्या वर जातो, आणि ६०६१-टी६ ॲल्युमिनियम साधारण २४० ला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे नुसती ट्यूब पुरतच नाही, खालून स्टेनलेसची सळई लावून ताणलेला डॉल्फिन स्ट्रायकर पाहिजेच, तो भार वाटून घेतो.

माझ्या पहिल्या बोटीत स्ट्रायकर होता. पण नट नीट ताणलेला नव्हता. त्या दिवशी पानशेतला मे महिन्यातला पश्चिमेचा वारा चांगला भरला होता, दर झोताला डोलकाठीच्या बुडाशी टक् असा बारीक आवाज यायचा, भांड्याचं झाकण ठेवल्यासारखा, मला वाटलं पुलीचा आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाऱ्याखालची वायर एकदम जास्तच ढिली दिसायला लागली, आणि मी खाली बघेपर्यंत बीम मधोमध बसला होता, ट्यूबच्या वरच्या अंगाला अंगठ्याएवढी चुण पडलेली. डोलकाठी पडली नाही हे नशीब. तो टक् आवाज म्हणजे बीम आधी मोकळा वाकत होता आणि मग सळईवर टेकत होता. तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय, बोट जोडली की बीमच्या वर टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणायचा, डोलकाठी उभी करायच्या आधी स्ट्रायकरचा नट इतका आवळायचा की बीम मध्यावर चार-पाच मिलिमीटर वर उचललेला दिसला पाहिजे. आणि बीमला बोल्टसाठी मध्यावर खालच्या अंगाला भोकं पाडू नकोस, ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो, चिमटा किंवा पट्टा वापर. ट्यूब आणि खोबणीचे ब्रॅकेट भोसरीला कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे होतील, पण वेल्डिंग केलेल्या जागी टी६ ची ताकद बरीच कमी होते, म्हणून बीमवर वेल्ड नको, बोल्ट आणि चिकटवलेले सॅडल बरे.

शिडाचं सांगायचं तर, स्वतः डोलकाठी बनवू नकोस. एखादं जुनं रिग (डोलकाठी, शिडं आणि वायरींचा संच) शोध, क्लबमधून निवृत्त झालेल्या बोटींची डोलकाठी आणि शिडं मुंबईला अधूनमधून विकायला निघतात, आणि त्या रिगभोवती बोट काढ. उलटं केलंस, आधी बोट आणि मग तिला शोभणारी डोलकाठी शोधायला लागलास, तर वर्ष जाईल. मोठं शीड १३ आणि जिब म्हणजे पुढचं छोटं शीड ४, एकूण १७ चौरस मीटरच्या आसपास जे मिळेल ते चालेल, फिरणारी डोलकाठी मात्र पाहिजे. डोलकाठी वाऱ्याच्या दिशेला वळली की शिडाच्या पुढच्या कडेला हवा चिकटून राहते, न वळणारी असेल तर तिच्यामागे भोवरे पडून शिडाचा सगळ्यात कामाचा भाग मरतो. वरचं टोक चौकोनी असलेलं शीड मिळालं तर घे, झोत आला की वरचा भाग आपोआप सैल होऊन वारा सोडून देतो, आणि पानशेतच्या वाऱ्याला हीच गोष्ट लागते.

कारण आपला वारा समुद्रासारखा नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाणी आरशासारखं, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा येतो तो डोंगरांच्या खिंडीतून तुकड्यातुकड्यानं, १० चा १४ नॉट कधी झाला कळत नाही, आणि १० चा १४ म्हणजे जोर दुप्पट. जोर वेगाच्या वर्गात वाढतो ना. म्हणून तुला जास्तीत जास्त वेगाची बोट नको, झोत सहन करून परत पटकन वेग पकडणारी पाहिजे, आणि तिथे हलकेपणाच मदतीला येतो.

फॉइल काढून टाक. मनापासून सांगतोय, उत्साह मोडायचा म्हणून नाही. नॅक्रा १७ ही कॅटामरान ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून फॉइलवर उडते, ते बघून कोणालाही वाटेल, पण तिथे कार्बन, पूर्णवेळ सराव आणि सोबत सेफ्टी बोट असते. आपल्याकडे सात-आठ नॉटच्या आत ते फॉइल नुसतं ओढून न्यायचं ओझं होतं, आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुने बांध, झाडांचे खुंट हातभर पाण्याखाली येतात. उजनीच्या बॅकवॉटरला नेलीस तर जलपर्णी. साधे, सरळ, वर ओढून घेता येणारे डॅगरबोर्ड ठेव, पुढच्या बीमच्या थोडे मागे, आणि रडर आदळलं की आपोआप मागे उचलणारं पाहिजेच पाहिजे. रडरचं पातं बिजागरीच्या रेषेच्या किंचित पुढे येईल असं तिरकं लावलंस तर टिलर हाताला हलका लागतो, पण अगदी थोडंच, जास्त पुढे गेलं की बोट वेगात स्वतःहून वळायला बघते. दोन्ही रडर एका आडव्या नळीने जोडतात, ती नळी अशा लांबीची कर की पाती पुढच्या कडेला दोनेक मिलिमीटर जवळ येतील, किंवा समांतर, बाहेर फाकलेली नकोत. ही छोटी गोष्ट फुकटात वेग देते.

वळण्याबद्दल एक. कॅटामरान हलकी, तिला स्वतःचा झोक नसतो, वाऱ्याच्या तोंडावर वळताना अर्ध्यात थांबते आणि मागे जायला लागते. म्हणून बुडाला थोडा बाक ठेव, मधे खोल आणि दोन्हीकडे वर जाणारा, पण मागच्या तिसऱ्या भागात जवळजवळ सरळ, नाहीतर मागचं टोक वेगात खाली बसतं. बाकीचं जिब वाऱ्यावर धरून वळवायचं, ते बहीण दोन दिवसांत शिकेल.

बांधणीचं फार लिहीत नाही, तारेने शिवून इपॉक्सीने जोडायची पद्धत तुला माहीत आहे. फक्त दोन गोष्टी पुण्यापुरत्या. एक, गुर्जनचा ४ मिमी प्लाय नाकाजवळ वाकवताना आवाज ऐक, बारीक करकर चालते, पण कडक असा सुटा आवाज आला तर तिथेच थांब, गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल बाहेरच्या अंगाला अर्धा तास गुंडाळून ठेव, मग एकेक तार अर्धा पीळ, दोन्ही हलवर आळीपाळीनं. घाईनं पिळलास तर एका हलचं नाक दुसऱ्यापेक्षा वेगळं येतं आणि ते नंतर कधीच सुधारत नाही. बाहेरची तार कापायच्या आधी टोकापासून दोरा लावून बघ. दोन, इपॉक्सी. मे महिन्यात गच्चीवर दुपारी मिसळलंस तर मगातच धूर येईल, दर १० अंशांना काम करायचा वेळ निम्मा होतो. पहाटे सहाला कर, थोडं थोडं मिसळ, आणि मिसळलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओत, खोल डब्यात ठेवू नकोस. पावसाळ्यात उलटं, हवेतल्या ओलाव्यानं वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं आणि स्कॉचब्राइटनं धुतल्याशिवाय पुढचा हात दिलास तर तो पुढे सालासारखा निघतो. ग्लास कापड बाहेरून २०० ग्रॅमचं एकच थर, फक्त बुडाला दोन. "मजबुतीसाठी अजून एक" हा मोह प्रत्येकाला होतो आणि तिथे चार किलो वाढतात. प्रत्येक टप्प्याला हल बाथरूमच्या काट्यावर उभा राहून उचल, स्वतःचं वजन वजा कर, भिंतीवर लिहून ठेव.

हल पूर्ण बंद असेल तर दोन मिलिमीटरचं एक भोक डेकवर बीमखाली सावलीत ठेव, नाहीतर उन्हात आतली हवा फुगून जोड उघडतात, आणि तापलेला हल थंड पाण्यात टाकला की तीच हवा आकसून पाणी आत ओढते. मागे निचऱ्याचं बूच, आत प्रत्येक हलमध्ये दोन पडद्या आणि थोडा फोम. डोलकाठीचं वरचं टोक आणि भोकं सील कर, तिच्यात पाणी शिरलं तर उलटलेली बोट पूर्ण पालथी होते आणि तुम्ही दोघं १२० किलोचेच आहात, पालथी झालेली सरळ करणं तुम्हाला जड जाईल. हे काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात तरी एकदा, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटवून बघाच.

आणि हे मी प्रत्येकाला सांगतो, तुलाही सांगतो. डोलकाठी ॲल्युमिनियमची असो की कार्बनची, दोन्हीतून वीज वाहते. धरणाच्या काठावर जिथे गाडी लावतो तिथे वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि माणसाचं लक्ष जमिनीकडे असतं. डोलकाठी उभी करायच्या आधी, आणि उभी असताना बोट ढकलत नेण्याआधी, एकानं फक्त वर बघायचं काम करायचं, दुसरं कुठलंच नाही. हे काम बहिणीला दे किंवा तू घे, पण ठरवून घ्या. पाण्यात उतरण्याची परवानगी जलसंपदा विभागाकडे आधी विचार, खडकवासल्याला एनडीएच्या बाजूला तर जाऊच नकोस.

आता लगेच करायचं ते. डेल्फ्टशिप या बोट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हल परत काढ, २४० किलोवर, एकाच हलवर. मग जाड कार्डशीटचं दहास एक मापाचं मॉडेल कर, पाच-सहा संध्याकाळींचं काम आहे, त्यात कळेल की प्लाय कुठे वाकायला नाही म्हणतोय. वजनाचा तक्ता दोन रकान्यांचा ठेव, अंदाज आणि प्रत्यक्ष. आणि बोट पाण्यात टाकायच्या आदल्या दिवशी प्रत्येक हलवर पुढे आणि मागे, ड्रॉइंगमधल्या उभ्या बोटीच्या (वजन दोन्ही हलवर निम्मं-निम्मं) पाण्याच्या रेघेवर, रंगीत टेपची पट्टी लाव. दोघं मध्यावर शांत बसा, कोणाला तरी काठावरून चारही पट्ट्यांचे फोटो काढायला सांग. कुठली किती मिलिमीटर बुडाली ते मला कळव, पुढच्या जास्त बुडाल्या असतील तर काय मागे सरकवायचं ते बघू.